होडी जिंकते की हात?
शिडाच्या शर्यतींची साडेतीनशे वर्षे



आपल्या शाहपुऱ्याचा तलाव फिरायला छान असला तरी शिडाच्या शर्यतीला तो लहान पडतो. त्यासाठी बड्या तालाबावर जावे लागते. वारा असेल त्या दिवशी तिथे लहान-लहान पांढरी त्रिकोणी शिडे एकामागून एक वळताना दिसतात. यातल्या होड्यांवर सराव करून मध्य प्रदेशातल्या दोन मुलींनी आशियाई क्रीडास्पर्धांत पदके मिळवली. होशंगाबाद (आता नर्मदापुरम) जिल्ह्यातील हर्षिता तोमर हिने २०१८ साली जकार्ता स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर हिने २०२३ साली चीनमधील हांगझोउ स्पर्धेत रौप्यपदक मिळवले.

ही पदके वर्तमानपत्रात आली की घरोघरी एक वाक्य ऐकू येते, "यॉटिंग म्हणजे श्रीमंतांचा खेळ, तो आपल्यासाठी नाही." हे खरे आहे का? ज्याची होडी महाग तोच जिंकतो, की ज्याचा हात कसलेला तो जिंकतो? गेली साडेतीनशे वर्षे या खेळात हाच वाद चालू आहे. होड्यांचे आकार बदलले, नियम बदलले, लाकूड जाऊन कार्बन आला, आणि त्यातला प्रत्येक बदल या प्रश्नाचे एक उत्तर होता. म्हणून या अंकात आम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे.

१. राजांच्या पैजेपासून सुरुवात

'यॉट' हा शब्द डच भाषेतून आला. मूळ शब्दाचा संबंध शिकारीशी, पाठलागाशी आहे. चाच्यांचा पाठलाग करण्यासाठी डच लोक ज्या हलक्या, चपळ होड्या वापरत त्यांना हे नाव पडले. आपल्याकडेही हा विचार नवा नव्हता. मराठ्यांच्या आरमारातील गलबते वजनाने हलकी, शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालणारी होती, आणि परकीयांच्या अवजड जहाजांना ती कोकणच्या किनाऱ्यावर जेरीस आणीत.

डच लोकांनी १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला 'मेरी' नावाची यॉट भेट दिली. पुढच्याच वर्षी, १६६१ मध्ये, राजा आणि त्याचा भाऊ यांनी थेम्स नदीवर ग्रिनिच ते ग्रेव्हसेंड अशी १०० पौंडांची पैज लावून शर्यत लावली. इंग्लंडमधील यॉट शर्यतींचा इतिहास येथून सांगतात. तेव्हा हा खेळ अक्षरशः राजांचाच होता.

होडीच्या आकाराने शर्यत जिंकता येते हे जगाला पटले ते १८५१ मध्ये. न्यूयॉर्कहून 'अमेरिका' नावाची होडी इंग्लंडला गेली आणि २२ ऑगस्ट रोजी वाइट बेटाला घातलेल्या फेरीत तिने इंग्रजांच्या ताफ्याला एकटीने हरवले. तिचा आराखडा जॉर्ज स्टीअर्स याचा. इंग्रजी होड्यांची नाळ, म्हणजे पुढचा भाग, फुगीर असे. 'अमेरिका'ची नाळ निमुळती, आत वळलेली होती. इंग्रजांची शिडे जवसाच्या धाग्याच्या कापडाची, वाऱ्याने पोट सुटणारी. तिची शिडे घट्ट विणीच्या सुती कापडाची, सपाट राहणारी. शीड सपाट राहिले की होडीला वाऱ्याच्या दिशेला अधिक जवळून जाता येते. तिने जिंकलेला चषक पुढे 'अमेरिकाज कप' म्हणून प्रसिद्ध झाला. हे नाव देशावरून पडलेले नसून होडीवरून पडले आहे, हे लक्षात ठेवा.

२. थोडे विज्ञान, थोडे गणित

शीड म्हणजे वाऱ्याने ढकलला जाणारा पडदा, असे आपल्याला वाटते. वारा पाठीमागून असेल तेव्हा ते खरे आहे. पण वारा बाजूने असेल तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या फुगीर बाजूला दाब कमी होतो आणि होडी त्या बाजूला ओढली जाते. पाण्याखाली असलेला कणा, ज्याला कील म्हणतात, तिला आडवे घसरू देत नाही. मग तिला पुढे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. थेट वाऱ्याच्या तोंडाशी मात्र कोणतीही शिडाची होडी जाऊ शकत नाही. तिला डावीकडे, मग उजवीकडे अशी नागमोडी वळणे घेत वर चढावे लागते. शर्यतीतले खरे डोके येथेच लागते, कारण कोणत्या क्षणी वळायचे हे वारा वाचता येणाऱ्यालाच कळते.

आता वेगाचे गणित पाहू. होडी पाण्यातून जाताना पुढे एक लाट उठवते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीइतकी झाली की होडी जणू आपणच केलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि पुढचा चढ तिला चढवत नाही. यावरून जुन्या जाणकारांनी एक ठोकताळा बसवला. पाण्याच्या रेषेवरची होडीची लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. आलेली संख्या म्हणजे होडीचा साधारण कमाल वेग, नॉटमध्ये. (१ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.)

२५ फुटांच्या होडीसाठी: ५ × १.३४ = ६.७ नॉट.
१०० फुटांच्या होडीसाठी: १० × १.३४ = १३.४ नॉट.

म्हणजे होडी चौपट लांब केली तेव्हा कुठे वेग दुप्पट झाला! पण होडी चौपट लांब करायची तर लाकूड, शीड, माणसे आणि पैसा चौपटीहून कितीतरी जास्त लागतो. म्हणूनच एके काळी मोठी होडी म्हणजे मोठा धनिक हे समीकरण होते.

या ठोकताळ्यातून सुटण्याच्या आणखी वाटा आहेत. एक, होडी इतकी हलकी आणि तळाला सपाट करायची की जोराचा वारा मिळताच ती लाट सोडून पाण्यावर घसरू लागेल. इंग्लंडच्या अफा फॉक्स याने १९२८ साली बांधलेल्या 'ॲव्हेंजर' होडीने ही गोष्ट गाजवली. दुसरी वाट म्हणजे एका रुंद होडीऐवजी दोन अरुंद होड्या जोडायच्या. त्या मोठी लाटच उठवत नाहीत. अशा जोडहोडीला इंग्रजीत कॅटामरान म्हणतात आणि हा शब्द तमिळमधील 'कट्टुमरम', म्हणजे बांधलेली लाकडे, यावरून गेलेला आहे. तिसरी वाट होडी पाण्याबाहेरच उचलण्याची. तिच्याकडे शेवटी येऊ.

३. नियम आणि पळवाटा

वेगवेगळ्या आकाराच्या होड्या एकत्र धावायच्या तर लहान होडीला काही सूट द्यायला हवी. म्हणून लांबी, शिडाचे क्षेत्रफळ, वजन यांची मापे घेऊन सूत्रे बनवली गेली. पण सूत्र आले की त्यातून पळवाट काढणारा हुशार कारागीर आलाच.

१८७६ साली नॅथनेल हेरेशॉफ या अमेरिकन कारागिराने 'अमॅरिलिस' ही जोडहोडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिने साऱ्यांना मागे टाकले. परिणाम असा झाला की जोडहोड्यांनाच नेहमीच्या शर्यतींत बंदी झाली.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बेन लेक्सन याने 'ऑस्ट्रेलिया दुसरी' या होडीच्या कण्याला खाली पंख बसवले. न्यूयॉर्क यॉट क्लबने १३२ वर्षे सांभाळलेला अमेरिकाज कप तिने ४-३ असा जिंकून नेला.

पळवाटांची किंमत कधी जिवानेही मोजावी लागली. १९७० च्या दशकात मापनाच्या सूत्राचा फायदा मिळावा म्हणून मध्ये रुंद, टोकांना निमुळत्या आणि हलक्या होड्या बांधल्या जाऊ लागल्या. ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड ते आयर्लंडजवळील फास्टनेट खडक आणि परत अशा शर्यतीत ३०३ होड्या निघाल्या आणि वादळात सापडल्या. कित्येक होड्या उलटल्या आणि १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतर होडीचे स्थैर्य, सुरक्षा-पट्टे, संदेशयंत्रणा यांचे नियम कडक झाले. वेगासाठी केलेली रचना समुद्रात टिकेल का, हा प्रश्न तेव्हापासून आराखड्याच्या कागदावरच विचारला जाऊ लागला.

४. मुंबईत बांधलेली 'सुहेली'

आता आपल्या जवळची गोष्ट. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली होडी कुठे बांधली गेली, ठाऊक आहे? मुंबईत!

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी व्यापारी जहाजांवर नोकरीला होता. त्याने १९६० च्या दशकात मुंबईच्या सुतारांकडून सागवानी लाकडाची सुमारे ३२ फुटी होडी बांधून घेतली. सुतारांची हत्यारे जुन्या पद्धतीची होती, तासणीने तासायचे आणि हाताने भोके पाडायची. आराखडाही जुनाच, नॉर्वेच्या बचाव-होड्यांच्या घराण्यातला. होडीला नाव मिळाले 'सुहेली'.

१९६८ मध्ये 'गोल्डन ग्लोब' ही पहिली विनाथांबा एकट्याची शर्यत जाहीर झाली. नऊ जण निघाले. काहींच्या होड्या 'सुहेली'पेक्षा नव्या आणि वेगवान होत्या. कोणी होडी मोडल्याने परतले, कोणी बुडता-बुडता वाचले. डोनल्ड क्रोहर्स्ट या स्पर्धकाने आपण कुठे आहोत याची खोटी माहिती कळवली आणि अखेरीस त्याची तीन अंगांची होडी समुद्रात रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टन मात्र १४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघून २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, त्याच बंदरात परतला. शर्यत पूर्ण करणारा तो एकटाच. मिळालेले ५००० पौंडांचे बक्षीस त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

'सुहेली'ची पाण्याच्या रेषेवरची लांबी सुमारे २८ फूट. आपल्या ठोकताळ्याने तिचा कमाल वेग काढा. सुमारे ७ नॉट येतो, म्हणजे ताशी १३ किलोमीटर, आपल्या सायकलइतका. तरीही ती जिंकली, कारण लांबच्या शर्यतीत आधी पोहोचावे लागते, मग वेगाचे बोलणे. तुलनेसाठी सांगतो, २०२४-२५ च्या व्हेंदे ग्लोब या एकट्याच्या विनाथांबा शर्यतीत फ्रान्सच्या शार्ली दालँ याने ६० फुटी कार्बनच्या होडीतून ६४ दिवस १९ तासांत प्रदक्षिणा पूर्ण केली. ३१२ वरून ६४ दिवस! पंचावन्न वर्षांत होडीच्या शास्त्राने केलेली ही वाटचाल आहे.

'सुहेली'चा धागा पुढे मराठी माणसांनी उचलला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने भारतात बांधलेल्या होडीतून प्रदक्षिणा करावी, अशी कल्पना मांडली. गोव्यात मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली आणि २००९ च्या फेब्रुवारीत ती पाण्यात उतरली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरांवर थांबून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये विनाथांबा फेरी पूर्ण केली. दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेल्या 'तारिणी'तून नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये प्रदक्षिणा केली.

२०१८ साली 'गोल्डन ग्लोब' शर्यत पुन्हा भरली, तीही जुन्याच नियमांनी. जुन्या बांधणीची होडी, दिशा शोधायला सूर्य-तारे आणि सेक्स्टंट, उपग्रहाची मदत नाही. टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी 'सुहेली'चीच प्रतिकृती 'तुरीया' बांधली. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. या माणसाने चालायला पुन्हा शिकून २०२२ च्या शर्यतीत परत नाव घातले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, दुसरा क्रमांक मिळवला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. नियमाने नवी यंत्रे बाजूला ठेवली की उरतो तो हात आणि मनाचा कणा.

५. सर्वांना सारखी होडी

पण प्रदक्षिणा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. शाळकरी मुलाच्या दृष्टीने या खेळातला सर्वांत मोठा बदल वेगळाच आहे. तो म्हणजे एकसारख्या होड्यांचा वर्ग. सगळ्यांच्या होड्या एकाच मापाच्या, एकाच वजनाच्या, एकाच शिडाच्या. म्हणजे परीक्षेत सर्वांना एकच प्रश्नपत्रिका.

१९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील क्लार्क मिल्स याने मुलांसाठी 'ऑप्टिमिस्ट' नावाची होडी आखली. प्लायवूडच्या दोन फळ्यांतून घरी बांधता यावी, अशी तिची रचना होती. पेटीसारखी चौकोनी नाळ असलेली ही जेमतेम पावणेआठ फुटांची होडी आज जगभर पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची पहिली शाळा आहे.

त्यानंतर १९७० च्या सुमारास कॅनडात ब्रूस कर्बी याने 'लेझर' आखली. लांबी ४.२३ मीटर, फायबरग्लासचे अंग, एकच शीड, एकच माणूस. मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी. तिलाच आता 'इल्का' म्हणतात. तिची युक्ती अशी की अंग तेच ठेवून शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलता येतो. मोठ्या माणसाला सुमारे ७ चौरस मीटरचे शीड, मधले सुमारे पावणेसहा चौरस मीटरचे, आणि हलक्या वजनाच्या मुलामुलींना ४.७ चौरस मीटरचे. ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून ही होडी आहे आणि तिथे होड्या आयोजकच पुरवतात. म्हणजे घरून होडी नेण्याचीही सोय नाही, घरून न्यायचे ते फक्त कौशल्य!

हर्षिता आणि नेहा यांची पदके याच ४.७ च्या शिडावर मिळालेली आहेत. हर्षिताच्या स्पर्धेत तर मुले-मुली एकत्र होती. भोपाळच्या प्रशिक्षण केंद्रात होड्या आणि शिक्षक मिळाले, वारा बड्या तालाबाने दिला. समुद्र न पाहता वाढलेली मुले समुद्रावर पदक मिळवतात ती या समान होडीमुळे. होडी जिथे पैशाने बदलता येत नाही तिथे शेतकऱ्याची मुलगी आणि धनिकाची मुलगी एकाच रेषेवरून निघतात.

गुण मोजण्याची रीतही समजून घ्या. पहिला आला त्याला १ गुण, दुसऱ्याला २, याप्रमाणे. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजेता. सर्वांत वाईट गेलेली एक फेरी वगळतात. नेहाच्या ११ फेऱ्यांचे मिळून ३२ गुण झाले. तिची सर्वांत वाईट फेरी पाचव्या क्रमांकाची, ती वगळली, आणि ३२ - ५ = २७ गुणांवर रौप्यपदक निश्चित झाले. एखादी फेरी चमकदार जिंकण्यापेक्षा रोज वरच्या क्रमांकात राहणे येथे मोलाचे ठरते. अभ्यासाचेही असेच नाही का?

६. पाण्यावरून हवेत

आता ती तिसरी वाट. होडीच्या खाली पाण्यात विमानाच्या पंखासारखी पाती बसवली की वेग येताच ती होडीला वर उचलतात. अंग हवेत, पाण्यात फक्त पाती. लाटही नाही, तिचा खळगाही नाही. यांना फॉइल म्हणतात. २०१३ च्या अमेरिकाज कपमध्ये ७२ फुटी जोडहोड्या अशा उडाल्या. २०२१ पासून एका अंगाच्या ७५ फुटी होड्याही उडतात आणि ५० नॉटच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या, वर जातात. २०२४ मध्ये बार्सिलोनात न्यूझीलंडने ब्रिटनला ७-२ असे हरवून हा चषक राखला.

हा वेग फुकट मिळत नाही. मे २०१३ मध्ये सरावाच्या वेळी अशी एक होडी मोडून उलटली आणि ऑलिम्पिक सुवर्णपदक विजेता अँड्र्यू सिम्पसन दगावला. त्यानंतर शिरस्त्राण, श्वासनळकांडी यांसारखी साधने आणि नियम वाढले.

ऑलिम्पिकमध्येही ही लाट आली आहे. पॅरिस २०२४ च्या दहा शिडस्पर्धांपैकी पाच फॉइलवरच्या होत्या. त्या दहांतील इल्काच्या दोन स्पर्धांत भारताचे विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमानन उतरले होते. येथे आपला पहिला प्रश्न पुन्हा उभा राहतो. पाती, कार्बन, नवी शिडे यांचा खर्च साध्या होडीपेक्षा जास्त आहे. साध्या, समान होड्यांचे प्रकार कमी होत गेले, तर देवासच्या गावातली पुढची नेहा कशावर चढणार? आम्हाला वाटते, नव्या वेगाचे स्वागत जरूर करावे, पण खेळाच्या दारातली ती साधी होडी काढून घेऊ नये. दार उघडे राहिले तरच आत येणारे वाढतील.

७. आपण काय करावे?

ज्यांना शिकायची इच्छा आहे त्यांनी आधी पोहायला शिकावे. होडीत जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून पाय ठेवू नये. आणि तालाबाची काळजी घ्यावी. भोज पाणथळ क्षेत्राला २००२ साली रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले आणि शहरातील कित्येक घरांत हेच पाणी पिण्यासाठी येते. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित प्राधिकरणाने येथील क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला. शिडाच्या होडीला तेल लागत नाही, धूर नाही, आवाज नाही. तालाबाला न दुखावता खेळता येणारा हा खेळ आहे.

पालकांनाही विनंती आहे. "आपल्यासाठी नाही" असे म्हणण्याआधी एकदा मुलांना घेऊन काठावर या आणि होडीत बसलेली मुले कोणाच्या घरची आहेत ते पाहा. मग निर्णय घ्या.

अभ्यासासाठी:
१) पाण्याच्या रेषेवर ३६ फूट लांबीच्या होडीचा साधारण कमाल वेग नॉटमध्ये व ताशी किलोमीटरमध्ये काढा.
२) एका मुलीचे सहा फेऱ्यांतील क्रमांक ३, १, ४, २, ७, २ असे आहेत. वाईट फेरी वगळून तिचे गुण किती?
३) 'सुहेली' संथ असूनही का जिंकली? पाच ओळींत लिहा.
४) घरी चर्चा करा: शर्यतीत होडी सारखी असावी की ज्याला जशी जमेल तशी बांधू द्यावी? दोन्ही बाजूंची दोन-दोन कारणे वहीत लिहून आणा.